तुटलेला पुढचा दात : पहिला तास आणि पुढचे वर्ष



या वेळच्या अभ्यासाचा विषय काहींना किरकोळ वाटेल. खेळताना, पडून किंवा मार लागून मुलाचा पुढचा दात तुटला तर काय करावे? ताप, सर्पदंश, कुपोषण यांच्यापुढे एका दाताची काय कथा, असे मलाही वाटत होते. त्या वाटण्याची किंमत माझ्या नव्हे, एका मुलीच्या वाट्याला आली. म्हणून आधी माझी चूक सांगते आणि मग धडा.

मंगरूळपीर तालुक्यात मी गेली काही वर्षे आंध आणि फासेपारधी कुटुंबांमध्ये काम करते. त्यांची मुले शिकायला वसतिगृहात राहतात. सात वर्षांपूर्वी अशाच एका वसतिगृहात नऊ वर्षांची एक मुलगी हापशीवर पाणी भरत होती. ओल्या हातातून दांडा सुटला आणि उसळून तिच्या तोंडावर बसला. ओठ फुटला. वरच्या दोन मोठ्या दातांपैकी उजव्या दाताचा जवळजवळ अर्धा भाग तुटून खाली पडला. उरलेल्या दाताच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसत होता.

मी तिचे तोंड धुतले, ओठावर कापड दाबून धरले. रक्त थांबले. दाताचा तुकडा एका मुलीने शोधून माझ्या हातात दिला होता. मी तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. संध्याकाळी मुलीची आजी आली. नातीने वरणात भिजवलेली भाकर खाल्ली हे पाहून ती म्हणाली, "दुखत नाई त मंग कायले नेता डाक्टरकडं, ताई? दात तं हाय." मला तेच ऐकायचे होते. वसतिगृहात त्या आठवड्यात तापाची साथ होती, गाडी नव्हती. मी वहीत नोंद केली आणि ठरवले, दिवाळीच्या सुटीनंतर पाहू.

सुटीनंतरही ते राहूनच गेले. पाच महिन्यांनी तिच्या हिरडीवर पुवाची पुळी आली, तेव्हा मी तिला दंतवैद्याकडे नेले. दात राखाडी पडला होता. डॉक्टरांनी फोटो काढला आणि शांतपणे सांगितले, "नस मेली आहे. आणि मूळ अजून पूर्ण वाढलेलं नाही. हिला लवकर आणलं असतं तर नस जिवंत ठेवता आली असती." त्यांनी दोष दिला नाही. तो माझा मलाच कळला. मग फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. दात राहिला, पण मधल्या काळात वर्गात सर्वांत आधी हात वर करून धडा वाचणारी ती मुलगी उठेनाशी झाली होती. हसली तरी तळहात तोंडावर जायचा. हे माझ्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते.

पवित्र शास्त्रात दाताची किंमत

धर्मशास्त्राच्या वर्गात आम्ही निर्गमाचा २१ वा अध्याय शिकलो. डोळा आणि दात यांच्या भरपाईचा प्रसिद्ध नियम सर्वांना पाठ असतो. पण त्याच्या तीनच वचने पुढे जे येते ते सहसा कोणी वाचत नाही. २७ व्या वचनाचा आशय असा, की धन्याने आपल्या दासाचा किंवा दासीचा दात पाडला, तर त्या दाताबद्दल त्याला मोकळे करून सोडावे. ज्या काळी दासाला बाजारात किंमत होती, पण मान नव्हता, त्या काळी त्याच्या एका दाताची भरपाई म्हणून त्याचे स्वातंत्र्य सांगितले आहे. नीतिसूत्रांच्या २५ व्या अध्यायात तर संकटकाळी दगा देणाऱ्या माणसावर टाकलेल्या भरवशाला तुटक्या दाताची उपमा दिली आहे. ज्याच्यावर भार टाकावा तोच ऐनवेळी निकामी. त्या पाच महिन्यांत त्या मुलीच्या बाबतीत तो तुटका दात मीच होते. गरिबाच्या मुलाचा दात क्षुल्लक आहे, असे निदान आपल्याला तरी म्हणता येणार नाही.

दात आतून कसा असतो

उपचार समजायला दाताची रचना थोडी माहीत हवी. सर्वांत बाहेर कठीण, पांढरे कवच असते, ते इनॅमल. त्यात जीव नसतो, म्हणून तेवढेच तुटले तर दुखत नाही. त्याच्या आत पिवळसर थर असतो, तो डेंटिन. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात. हा थर उघडा पडला की गार पाणी आणि वारा झोंबतो, आणि त्याच नळ्यांतून जंतू आत शिरू शकतात. सर्वांत आत मऊ, रक्ताचा, जिवंत भाग असतो. त्याला आपण दाताची नस म्हणतो, डॉक्टर पल्प म्हणतात.

म्हणून तुटलेल्या दाताकडे पाहताना तीन गोष्टी ओळखायच्या. फक्त टोक खरबरीत लागते आणि रंग पांढराच आहे, तर कवच तुटले आहे. आत पिवळसर दिसते आणि गार लागते, तर दुसरा थर उघडा पडला आहे. मध्ये गुलाबी किंवा लाल ठिपका दिसतो, तर नस उघडी पडली आहे. तिन्ही वेळा दंतवैद्याला दाखवायचेच. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या प्रकारात शक्य तितक्या लवकर. एक लक्षात ठेवा : नस उघडी असूनही मूल फारसे रडत नाही, असे होऊ शकते. दुखणे किती आहे यावरून इजा किती आहे हे ठरत नाही. आजीची आणि माझी चूक नेमकी तीच होती.

पहिला तास

पहिल्या तासात दंतवैद्य आपल्यापाशी नसतो. असतो तो शिक्षक, वसतिगृहाची ताई, रविवारच्या शाळेची बाई किंवा आई. म्हणून हा भाग सर्वांनी नीट वाचावा.

१. आधी डोके, मग दात. मूल बेशुद्ध झाले होते का, उलटी झाली का, गुंगी आहे का, नाकाकानातून पाण्यासारखे काही येते का, जबडा नीट मिटतो का, हे पाहा. यांपैकी काहीही असेल तर दाताचा विचार बाजूला ठेवा आणि १०८ क्रमांकाला फोन करा.

२. तोंड स्वच्छ पाण्याने हळू धुवा. ओठ किंवा हिरडीतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी दहा मिनिटे न उचलता दाबून धरा. ओठावर बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवा.

३. तुकडा शोधा. जमिनीवर, कपड्यांत, तोंडात शोधा. ओठ फुटून सुजला असेल आणि तुकडा सापडत नसेल, तर तो ओठातच रुतलेला असू शकतो. हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, ते ओठाचा फोटो काढतील. मूल सारखे खोकत असेल किंवा श्वासाला घरघर येत असेल, तर तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका धरून लगेच रुग्णालयात न्या.

४. तुकडा सापडला तर तो ओला ठेवा. झाकणाच्या डबीत थोडे दूध किंवा स्वच्छ पाणी घालून त्यात ठेवा. कागदात, रुमालात किंवा खिशात ठेवू नका. तो सुकला की त्याचा रंग पांढुरका पडतो. पण सुकलेला तुकडाही फेकू नका. डॉक्टर तो वीसेक मिनिटे पाण्यात भिजवून वापरू शकतात.

५. दातावर काही लावू नका. चुना, तंबाखू, मिसरी, हळद यांतले काहीही नको. उघड्या नसेवर लवंगेचे तेलही नको. दुखण्याची गोळी दातावर किंवा हिरडीवर दाबून ठेवू नका, त्याने हिरडी भाजते. वेदना असतील तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पोटात द्यावे.

६. धनुर्वाताच्या लशीची नोंद पाहा. शासकीय वेळापत्रकात ५ ते ६ वर्षांच्या वयात डीपीटीचा बूस्टर आणि १० व १६ व्या वर्षी टीडीची लस असते. जखमेत माती गेली असेल तर डॉक्टरांना याबद्दल विचारा.

अख्खा दातच मुळासकट निघाला तर

हा प्रसंग वेगळा आहे आणि यात मिनिटे मोजायची असतात. मुळाभोवती जो नाजूक पापुद्रा असतो तो उघड्या हवेत लवकर मरतो. म्हणून दात मुळाकडून धरू नका, चावायच्या बाजूने धरा. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर विसळा. घासू नका, खरवडू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात त्याच्याच खळगीत, बाजूच्या दाताकडे पाहून सरळ बसवा आणि रुमालाची घडी चावायला द्या. जमत नसेल तर दुधात ठेवून धावत निघा. शक्यतो पहिल्या तासाच्या आत दात परत बसायला हवा. पाच-दहा मिनिटांत बसला तर फारच चांगले.

हे सर्व पक्क्या दातासाठी आहे. दुधाचा दात निघाला तर तो परत बसवू नये. त्याने आतल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. पुढचे वरचे पक्के दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलांच्या बाबतीत शंका आली तर डॉक्टरांना फोनवर विचारा.

डॉक्टर काय करतात

फक्त कवच तुटले असेल तर कड घासून गुळगुळीत करतात किंवा दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरून देतात. डेंटिन उघडे असेल तर ते झाकणे हे पहिले काम. वेळ नसेल तर तात्पुरते झाकतात आणि पुढच्या भेटीत दात पूर्ण घडवतात. आपण जो तुकडा दुधात आणला, तोच परत चिकटवता येतो. तो रंगाने, चमकेने आणि आकाराने त्या मुलाचाच असतो, म्हणून जोड चांगला बसला की ओळखूही येत नाही.

तुटलेला दात असा चिकटतो कसा, हे विचारणाऱ्या पालकांसाठी थोडा इतिहास सांगते. १९५५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकल बुओनोकोर या दंतवैद्याने दाखवले, की इनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावून धुतले तर त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि त्यावर प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट पकड घेतो. कारखान्यांत धातूवर रंग बसावा म्हणून असे आम्ल वापरत, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रफाएल बोवेन याने दातासाठी बळकट राळ तयार केली. आज दवाखान्यात निळा प्रकाश टाकून जे सिमेंट घट्ट करतात त्याचे मूळ तिथे आहे. आणि १९६४ साली यरुशलेम येथील दोन दंतवैद्यांनी रुग्णाच्या दाताचा तुटलेला भागच परत बसवल्याची नोंद प्रसिद्ध केली. मी जो तुकडा कागदात गुंडाळून फेकला, त्याचे काय करता येते हे जगाला पन्नासहून अधिक वर्षे माहीत होते.

नस उघडी असेल तर

आता त्या लाल ठिपक्याचे पाहू. पुष्कळांना वाटते, नस उघडी म्हणजे रूट कॅनाल किंवा दात काढणे. मुलांच्या बाबतीत हे बहुधा खरे नसते.

पक्का दात तोंडात दिसू लागतो तेव्हा त्याचे मूळ अर्धवट असते. खालचे टोक नळीसारखे उघडे आणि भिंती पातळ असतात. मूळ पूर्ण व्हायला त्यानंतर साधारण तीन वर्षे लागतात, म्हणजे वरच्या पुढच्या दातांचे मूळ दहाव्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते. हे काम करते कोण? तीच आतली नस. ती जगली तर मूळ लांब होते, भिंती जाड होतात, टोक मिटते. ती मेली तर दात त्या वयातच थांबतो. बाहेरून मोठा, आतून कागदासारखा. असा दात पुढे एखाद्या साध्या धक्क्याने हिरडीपाशी मोडू शकतो.

म्हणून डॉक्टर नस काढण्याऐवजी वाचवतात. उघड्या भागाखालचा सुमारे दोन मिलिमीटर भाग निर्जंतुकपणे काढतात, रक्त थांबू देतात, त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा नव्या प्रकारचे सिमेंट ठेवतात आणि दात घट्ट बंद करतात. स्वीडनच्या मिओमिर स्वेक यांनी १९७८ साली अशा ६० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले ९६ टक्के दात बरे झाले. त्यांत काही मुले दुखापतीनंतर बऱ्याच दिवसांनी आलेली होती, तरी ज्यांची नस जिवंत होती त्यांना गुण आला. म्हणून "आता उशीर झाला, जाऊन काय उपयोग" असेही म्हणू नये. नस जिवंत असेपर्यंत उशीर झालेला नसतो. आणि ती जिवंत आहे की नाही हे ताईने किंवा आजीने नव्हे, दंतवैद्याने ठरवायचे.

नस मेलीच, तर मुळाच्या उघड्या टोकाशी औषधाचा अडसर तयार करून मग आतली पोकळी भरतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडने हे करायला अनेक महिने आणि अनेक फेऱ्या लागतात. नव्या सिमेंटने ते कमी भेटींत होते. त्या मुलीच्या बाबतीत हेच करावे लागले. दात राहतो, पण पातळच राहतो. "काढून टाका आणि नवा बसवा" हा सल्लाही मुलांना लागू पडत नाही. जबडा वाढत असताना हाडात बसवायचे इम्प्लांट करत नाहीत, आणि कायमची कॅपही सहसा वाढ पूर्ण होत आल्यावरच बसवतात. म्हणजे नवव्या वर्षी गेलेल्या दाताची जागा पुढची आठ-दहा वर्षे कशीबशी सांभाळावी लागते. ती नेमकी शाळेची, मैत्रीची, नोकरीच्या मुलाखतीची आणि मुलींच्या बाबतीत स्थळे पाहण्याची वर्षे असतात.

पुढचे वर्ष

दात भरला, तुकडा बसला, मूल हसले, की आपण फाइल बंद करतो. इथेच दुसरी चूक होते. मार लागलेली नस लगेच मरतेच असे नाही. ती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, काही न दुखता मरू शकते. म्हणून साधी इजा असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी आणि एक वर्षाने तपासणी करावी. नस उघडी पडली होती अशा दातासाठी यांशिवाय तीन आणि सहा महिन्यांनीही जावे. डॉक्टर फोटो काढून मूळ वाढते आहे का ते पाहतात.

मधल्या काळात आपण पाहायच्या खुणा अशा : दाताचा रंग राखाडी होणे, हिरडीवर पुळी येणे, दात हलणे किंवा चावताना दुखणे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मऊ जेवण द्यावे आणि मऊ ब्रशने दात स्वच्छ ठेवावेत. दात दुखेल या भीतीने मुले घासायचे सोडतात आणि हिरडी बिघडते. तुकडा चिकटवलेल्या मुलाने पुढच्या दातांनी ऊस सोलू नये, चिंचोके फोडू नयेत. भाकरीचा तुकडा मोडून बाजूच्या दाताने खावा.

आमच्याकडे आता एक साधी वही आहे. नाव, तारीख, कसे लागले, कुठे दाखवले, आणि पुढच्या तपासणीच्या तारखा. शाळेच्या सुटीत मूल गावी जाणार असेल तर तारीख पालकांना चिठ्ठीवर लिहून देतो आणि गावातल्या आशाताईंना सांगून ठेवतो.

कुठे न्यावे

मंगरूळपीर शहरात आणि कारंजा, वाशिम येथे दंतवैद्य आहेत. निघण्यापूर्वी फोन करा आणि नेमके सांगा : मुलाचे वय, किती वाजता लागले, लाल ठिपका दिसतो का, तुकडा सोबत आहे का. एवढे सांगितले तर डॉक्टर तयारीत राहतात, किंवा दुसरीकडे पाठवायचे असेल तर तुमचा तास वाचतो. खासगी खर्च परवडत नसेल तर वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात विचारा. गुंतागुंत असेल तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. १९६८ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात विदर्भभरातून रुग्ण येतात. अमरावतीलाही दंत महाविद्यालय आहे.

आणखी एक दार पुष्कळ पालकांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करते. दातांच्या तक्रारीही त्यांच्या यादीत आहेत. पथक शाळेत येईल त्या दिवशी जुना तुटलेला दात असलेले मूल गैरहजर राहू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो. पण ताज्या इजेसाठी पथकाची वाट पाहू नये.

कसे लागले, हे विचारा

हे लिहायला अवघड आहे, पण सोडता येत नाही. बहुतेक दात पडण्याने, खेळाने, हापशीने किंवा सायकलने तुटतात. काही मात्र मारहाणीने तुटतात. मूल सांगते ती हकिगत आणि इजा जुळत नसेल, मोठी माणसे घाईने त्याच्या वतीने बोलत असतील, अंगावर जुन्या-नव्या खुणा असतील, तर मुलाशी एकटे, शांतपणे, दरडावल्याशिवाय बोला. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. शाळेत शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. निर्गमातले ते वचन इथे आठवावे. दात पाडणाऱ्याचा हात कितीही मोठा असो, ज्याचा दात पडला त्याच्या बाजूने उभे राहायचे आहे.

टाळता येईल का?

सर्व टळणार नाही. २०१८ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडण्यात आला, तेव्हा दातांना इजा झालेली शंभर कोटींहून अधिक माणसे आज जगात असल्याचा अंदाज निघाला. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. हापशीचा दांडा लहान मुलांनी मारू नये आणि कोणी मारत असताना जवळ वाकू नये. नळाभोवतीचे शेवाळ घासून काढावे. विटी-दांडूच्या खेळात विटीच्या समोर लहानांना उभे करू नये. ज्यांचे वरचे दात ओठाबाहेर पुढे आलेले असतात त्यांना इजेचा धोका जास्त असतो. अशा मुलांना वेळीच दंतवैद्याला दाखवावे. बाटलीचे झाकण दातांनी उघडण्याची सवय मोठ्यांनी सोडावी, म्हणजे लहान शिकणार नाहीत.

दोन वर्षांपूर्वी याच वसतिगृहात दहा वर्षांचा एक मुलगा कबड्डी खेळताना पायरीवर आपटला. मी तिथे नव्हते. स्वयंपाकाच्या मावशींनी त्याचे तोंड धुतले, मुलांना गोळा करून मैदानात तुकडा शोधायला लावला आणि चहासाठी ठेवलेले दूध डबीत ओतून त्यात तो टाकला. मग मला फोन केला : "ताई, तुकडा सापडला. दुधात हाय. लाल नाई दिसत, पिवळं दिसते." मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्या एका वाक्यात डॉक्टरांना हवे होते ते सर्व होते. त्याच दुपारी तुकडा बसला. वर्षाची तपासणी झाली आहे, मूळ पूर्ण झाले आहे आणि नस जिवंत आहे.

ती पहिली मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिच्या दाताची चकती दोनदा निघाली आणि दोनदा परत बसवली. मागच्या उन्हाळ्यात लहान मुलींना हापशीपाशी कुठे उभे राहायचे ते ती शिकवत होती. तळहात तोंडावर नव्हता. मी तिची माफी मागितली होती, तेव्हा तिने विचारले होते, "तवा तुमाले माहीत नव्हतं न, ताई?" नव्हते, हे खरे. पण आता आहे, आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकालाही आहे.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत, रविवारच्या शाळेत किंवा वसतिगृहात मुलाला दुखापत झाली तर पहिल्या तासात कोण काय करील, हे ठरलेले आहे का?

२. झाकणाची डबी, स्वच्छ कापड, बॅटरी आणि जवळच्या दंतवैद्याचा फोन नंबर आपल्याकडे एका जागी ठेवलेला आहे का?

३. निर्गम २१:२७ वाचा. दासाच्या दाताबद्दल स्वातंत्र्य, या नियमातून दुर्बलाच्या शरीराविषयी आपण काय शिकतो?

४. "दुखत नाही, मग कशाला?" असे म्हणून आपण कोणाचा कोणता उपचार पुढे ढकलला आहे? या आठवड्यात त्यासाठी कोणाला सोबत घेऊन जाता येईल?